पावसाचा मुक्काम

वाईहून पसरणीचा घाट चढलं की पाचगणी आणि पुढं महाबळेश्वर. सगळं मिळून तीस-बत्तीस किलोमीटर, एसटीनं तास-सव्वा तास. एवढ्याशा अंतरात वर्षाचा पाऊस सातशे-आठशे मिलिमीटरवरून साडेपाच-सहा हजारांवर जातो. उलट दिशेनं पूर्वेला माणदेशात, दहिवडी-म्हसवडकडे निघालं तर तो पाचशेच्याही खाली येतो. ही तिन्ही ठिकाणं एकाच सातारा जिल्ह्यात आहेत. वाईच्या शाळेत मी भूगोल शिकवत होते तेव्हा पर्जन्यछायेच्या धड्याला फळा फारसा लागायचा नाही. जुलैत वर्गाच्या एका खिडकीतून ढगांत बुडालेला डोंगर दिसायचा आणि दुसरीतून मोकळं आभाळ.

या धड्यानंतर दरवर्षी कुणीतरी विचारायचंच, "बाई, महाबळेश्वरला जंगल आहे म्हणून तिथं एवढा पाऊस पडतो ना?"

मुलांचा यात काही दोष नव्हता. शाळेच्या कुंपणापासून ग्रामपंचायतीच्या भिंतीपर्यंत 'झाडे लावा, पाऊस आणा' रंगवलेलं त्यांनी जन्मापासून पाहिलेलं असतं. पण सह्याद्रीवर जूनमध्ये कोसळणारा पाऊस पाडतो तो डोंगर. अरबी समुद्रावरून आलेले ओले वारे कोकण ओलांडून या भिंतीला धडकतात आणि हजार-तेराशे मीटर वर चढतात. वर जाताना ते गार होतात आणि वाफेचं पाणी होतं. उद्या वरचं सगळं जंगल नाहीसं झालं तरी जूनचे ढग घाटमाथ्यावर चढतीलच. तिथलं दाट जंगल मुख्यतः या पावसामुळं आहे.

मग जंगल पावसाचं काय करतं? पडलेल्या पाण्याला ते जमिनीत उतरायला वाट देतं, महिनोन्‌महिने थांबवून ठेवतं आणि त्यातलं काही वाफ करून पुन्हा वाऱ्यावर सोडतं. निवृत्तीनंतर या विषयाचं जेवढं वाचलं आणि डोंगरात फिरून जेवढं पाहिलं, त्यातून माझं हे मत पक्कं झालं आहे. जंगलाचा आणि पाण्याचा हिशेब 'किती' यापेक्षा 'किती दिवस' आणि 'कुठं' असा मांडला तरच तो नीट लागतो.

आधी खाली उतरणारी वाट पाहू. महाबळेश्वरचं रान उंच नाही. अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा, गेळा अशी बुटकी, वाऱ्यानं वाकलेली झाडं एकमेकांत घुसून उभी असतात. भर पावसात आत शिरलं की बाहेरचा मारा एकदम तुटतो. सर सुरू झाल्यावर कितीतरी वेळानं पहिले थेंब खाली येतात, तेही पानांच्या टोकांवरून आणि खोडांवरून ओघळत. काही पाणी तर पानं ओली करण्यातच संपतं आणि तिथूनच वाफ होऊन जातं. जमिनीच्या दृष्टीनं ती तूट म्हणायची. पण ज्या दिवशी पाऊस नसतो, नुसतं धुकं असतं, त्या दिवशीही ही झाडं टपटपत असतात. खोडांवरचं शेवाळ, फांद्यांवरची आमरं, पानांच्या कडा हे सगळं ढगातलं पाणी टिपून खाली सोडतं. उघड्या माळावर ठेवलेल्या पर्जन्यमापकात हे पाणी दिसतही नाही.

खाली पालापाचोळ्याचा जाड थर असतो आणि त्याखाली माती. या मातीकडे मी मुलांना मुद्दाम वाकून बघायला लावायचे. कुजून गेलेल्या मुळांच्या जागी राहिलेल्या नळ्या, गांडुळांची बिळं, मुंग्या-वाळवीनं पोखरलेल्या वाटा यांनी ती भरलेली असते. मुसळधार पाऊसही अशा मातीत मुरतो. बोडक्या उतारावर उलटा प्रकार. थेंब थेट मातीवर आपटतो, ढेकूळ फुटतं, बारीक कण वर येऊन छिद्रं बुजवतात आणि पहिल्या दोन-चार सरींतच वरचा पापुद्रा घट्ट होतो. त्यात गुरांच्या खुरांनी जमीन दाबलेली असेल तर पाण्याला धावण्यावाचून मार्गच उरत नाही. जुलैत ओढा लाल झाला की वरच्या अंगाला काय झालं आहे ते तिथं न जाताही समजतं.

क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री, सावित्री अशा पाच नद्यांचा उगम मानतात. देवदर्शनाला गेलेल्यांनी तिथला दगडही पाहावा. पठाराच्या माथ्यावर लाल, सच्छिद्र जांभा आहे. त्याच्या खाली चिकणमातीसारखा थर आणि त्याखाली काळा कातळ. जांभ्यातून झिरपत आलेलं पाणी चिकणमातीवर अडतं, आडवं सरकतं आणि डोंगराच्या कुशीत जिथं तो थर उघडा पडतो तिथून झऱ्याच्या रूपानं बाहेर येतं. वरच्या अंगाची कितीतरी गावं आणि वाड्या असल्याच झऱ्यांच्या आधारानं बसल्या आहेत. साठवण जांभ्याची आहे, हे मान्य. पण त्या साठवणीचं तोंड उघडं ठेवणारी माती जंगलाची आहे. मे महिन्यात हंड्यात पडणारं पाणी मागच्या पावसाळ्यातलं असतं आणि मधले सगळे महिने ते डोंगराच्या पोटात चालत असतं.

घाटमाथ्यावरचे एक आबा मला दरवर्षी झऱ्याची खबर द्यायचे. एका उन्हाळ्यात म्हणाले, "औंदा होळीलाच आटला बगा, बाई." मी विचारलं, "पाऊस कमी झाला होता का?" तर म्हणाले, "पाऊस रग्गड झाला. पर वरलं रान जळालंय दोन साल. पानी आलं तसं गेलं." एका झऱ्यावरून शास्त्र सिद्ध होत नाही, पण हीच गोष्ट मोजूनही पाहिली गेली आहे. जगदीश कृष्णस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात शेजारशेजारचे छोटे पाणलोट निवडले. काही फारसं न दुखावलेल्या जंगलाचे, काही तोड-चराई होऊन विरळ झालेल्या जंगलाचे आणि काही ऑस्ट्रेलियन बाभळीच्या लागवडीचे. पावसाबरोबर ताबडतोब वाहून जाणारं पाणी चांगल्या जंगलात सर्वांत कमी निघालं आणि पावसाळा सरल्यावर ओढा वाहता ठेवण्यातही तेच जंगल पुढं होतं. लागवडीनं जमीन थोडी सुधारली होती, पण ती जुन्या जंगलाच्या जवळपासही पोचली नव्हती. बिघडलेली माती एका पिढीत पूर्ववत होत नाही, हे वाचून मला फार वाईट वाटलं होतं.

आता दुसरी बाजू. झाड स्वतः पाणी पितं, आणि भरपूर पितं. जगभर जिथं जिथं शेजारचे दोन पाणलोट घेऊन एकातलं जंगल तोडून पाहिलं, तिथं बहुतेक वेळा ओढ्याचं वर्षभरातलं एकूण पाणी वाढलेलंच आढळलं. बॉश आणि ह्यूलेट यांनी १९८२ मध्ये अशा ९४ प्रयोगांचा आढावा घेतला. तोडीनंतर पाणी वाढतं, लागवडीनंतर घटतं, हा त्याचा रोख होता. आपल्याकडे उटीजवळ ग्लेनमॉर्गन इथं याचा कडवट पडताळा आला. गवताळ, मधूनमधून शोला, म्हणजे तिथलं बुटकं दाट जंगल, असलेल्या पाणलोटात ब्लूगम, म्हणजे निलगिरीची झाडं लावली. पहिल्या दहा वर्षांत ओढ्याचं पाणी १६ टक्क्यांनी कमी झालं. झाडं तोडून बुंध्यांना पुन्हा फुटवे येऊ दिल्यावर, दुसऱ्या फेरीत, घट २५ टक्क्यांवर गेली. पाण्याची गरज सर्वांत जास्त असते त्या कोरड्या महिन्यांतही प्रवाह रोडावला.

म्हणून हिशेब दोन्ही बाजूंनी मांडावा लागतो. जंगलामुळं जमिनीत किती जास्त मुरलं आणि झाडांनी किती जास्त प्यायलं? सह्याद्रीसारख्या धो-धो पावसाच्या, उताराच्या मुलखात मुरण्याची बाजू जड होऊ शकते, कारण एरवी ते पाणी चार महिन्यांत समुद्राकडे किंवा धरणाकडे पळालेलंच असतं. माणदेशात चारशे-पाचशे मिलिमीटर पावसात भराभर वाढणारी परदेशी झाडं दाटीनं लावली तर पिण्याची बाजू जड होईल. घाटमाथा आणि माणदेश एकाच जिल्ह्यात असले तरी दोन्हीकडे एकच रोपं वाटणं मला पटत नाही.

पुराबद्दलही बोलायला हवं. २०२१ च्या २२ जुलैच्या सुमाराला महाबळेश्वरला चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. वाईच्या वर्षभरातल्या पावसाचा पाऊण वाटा एका दिवसात. त्याच दोन दिवसांत चिपळूण बुडालं, महाडजवळ तळिये गावावर डोंगर आला आणि आमच्या जिल्ह्यात पाटण तालुक्यातल्या आंबेघर, मीरगावात माणसं गाडली गेली. त्यानंतर मी खूप ठिकाणी ऐकलं की जंगल असतं तर हे झालंच नसतं. जंगल म्हणजे स्पंज, असं आपण शिकवत आलो, पण स्पंजही एकदा भरला की पुढचं पाणी सोडतो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं २००५ साली वनसंशोधकांच्या साथीनं काढलेल्या पुस्तिकेत हे स्पष्ट मांडलं होतं. नेहमीच्या पावसात, छोट्या पाणलोटात जंगल पूर सौम्य करतं. अनेक दिवस भिजलेल्या मातीवर असाधारण पाऊस आला तर मोठ्या नदीचा पूर ते रोखू शकत नाही. मुळं वरची माती धरून ठेवतात, त्यामुळं उथळ दरडींना अटकाव होतो. खोलवरून सुटणाऱ्या दरडीपुढं मुळांचं काही चालत नाही. जंगलाकडून अशक्य ते मागितलं, की ते जे खरोखर करतं त्यावरचाही लोकांचा विश्वास उडतो. मला त्याची काळजी वाटते.

आणि झाडांनी प्यायलेलं पाणी जातं कुठं? जमिनीवरून वर जाणारी ही दुसरी वाट शाळेच्या पुस्तकात एका बाणात आटोपते. पानाच्या खालच्या बाजूला डोळ्यांना न दिसणारी रंध्रं असतात. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेण्यासाठी पान ती उघडतं आणि त्याच दारातून पाण्याची वाफ बाहेर जाते. पाण्याची ददात नसलेलं मोठं झाड दिवसाला शंभर लिटरच्या घरात पाणी असं हवेत सोडू शकतं. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला जी उष्णता लागते ती विजेच्या मापात सुमारे ०.६८ युनिट भरते. म्हणजे शंभर लिटरला ६८ युनिट. आम्हा दोघांच्या घरात महिनाभर साधारण तेवढीच वीज जळते. एवढं ऊन एका झाडाच्या माथ्यावर एका दिवसात वाफेत खर्च होतं. तेच ऊन कातळावर किंवा डांबरावर पडलं तर सगळं तापण्यातच जातं. रानातली सावली छपराखालच्या सावलीपेक्षा गार का लागते, त्याचं बरंचसं उत्तर यात आहे. उष्ण कटिबंधात मोठ्या पट्ट्यात जंगल तुटलं की त्या जागेचं तापमान सुमारे एका अंशानं चढलेलं दिसतं, ते वाफेचं काम थांबल्यामुळं. उत्तरेकडच्या बर्फाळ प्रदेशात गणित वेगळं आहे. तिथं काळपट सूचिपर्णी जंगल पांढऱ्या बर्फापेक्षा जास्त ऊन शोषून घेतं आणि थंडीत परिसर उबदार करतं. जंगल कार्बन साठवतं हे आता सगळ्यांच्या कानावर आलं आहे. पाण्याच्या वाटेनं ते हवामान कसं घडवतं, याबद्दल मात्र फारच कमी बोललं जातं.

हवेत गेलेली ती वाफ वाऱ्याबरोबर पुढं सरकते. जगभर जमिनीवर पडणाऱ्या पावसात सुमारे ४० टक्के पाणी असं जमिनीवरूनच वाफ होऊन आलेलं असतं, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. हे पहिल्यांदा ठसठशीतपणे दाखवलं ते ब्राझीलच्या एनेआस सलाती यांनी, १९७० च्या दशकात. त्यांची युक्ती मला फार आवडते. पाण्यातला ऑक्सिजन दोन-तीन वजनांचा असतो आणि जड ऑक्सिजनचं पाणी ढगातून आधी गळतं. म्हणजे समुद्रावरून निघालेला ढग जसजसा आत जाईल तसतसा पाऊस हलका होत जायला हवा. अमेझॉनच्या खोऱ्यात अटलांटिकपासून हजारो किलोमीटर आत गेलं तरी पाऊस अपेक्षेइतका हलका होत नव्हता. कारण वाटेतलं जंगल पडलेलं पाणी, जड-हलकं न निवडता, तसंच्या तसं पुन्हा हवेत पाठवत होतं. त्या खोऱ्यातला जवळजवळ अर्धा पाऊस असा फिरता आहे, असं सलातींनी मांडलं. पुढं अंतोनियो नोब्रे यांनी अंदाज बांधला की अमेझॉनची झाडं रोज सुमारे २००० कोटी टन पाणी हवेत सोडतात, अमेझॉन नदी रोज समुद्रात नेते त्याहून जास्त. ही वाफ अँडीज पर्वताला अडून दक्षिणेला वळते आणि ब्राझीलच्या दक्षिण भागात, पराग्वे आणि उत्तर अर्जेंटिनात पाऊस होऊन पडते. तिकडं तिला उडत्या नद्या म्हणतात.

आपल्या घाटावरूनही अशी एक नदी वाहते. मुंबईच्या आयआयटीतले सुबिमल घोष आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. पश्चिम घाटातल्या जंगलांतून उठलेली वाफ तमिळनाडूतल्या नैर्ऋत्य मोसमी पावसाचा २५ ते ४० टक्के वाटा उचलते, आणि पाऊसमान कमी असलेल्या वर्षांत हा वाटा निम्म्याच्या आसपास जातो, असं त्यात दिसलं. तमिळनाडूचा मोठा पाऊस ऑक्टोबरनंतरचा, त्यामुळं हा आकडा जून ते सप्टेंबरपुरताच धरायचा. तरी त्याचा अर्थ लहान नाही. समुद्रावरून वाफ कमी येते, मोसमी पावसात खंड पडतो, तेव्हा घाटातल्या झाडांची मुळं आधी मुरलेलं पाणी खोलवरून ओढून वर पाठवत राहतात. तळकावेरीला उगम पावणारी कावेरी तमिळनाडूला घाटाचं पाणी जमिनीवरून देते. तिच्या डोक्यावरून दुसरं पाणी जात असतं आणि त्याचा लवाद कुठल्याही न्यायालयात नाही. कोडगूतलं किंवा केरळातलं जंगल तुटलं तर तिरुनेल्वेलीच्या शेतकऱ्याला कुणाकडे दाद मागता येणार?

म्हणून झाडानं प्यायलेलं पाणी वाया गेलं असं मला म्हणवत नाही. एका ओढ्याच्या वहीत ते खर्चाच्या बाजूला असतं, वाऱ्याच्या दिशेनं पुढच्या मुलखात ते जमेला लागतं. ग्लेनमॉर्गनचा आकडा खरा आहे आणि आयआयटीचाही खरा आहे. धोरण ठरवणाऱ्यांनी दोन्ही एकाच टेबलावर ठेवायला हवेत.

महाराष्ट्रात २०१७ पासून ५० कोटी झाडं लावण्याचा कार्यक्रम झाला, त्यातली ३३ कोटी एकट्या २०१९ सालातली. उत्साह पाहून मला आनंदच झाला होता, शाळेतली मुलंही खड्डे खणायला गेली होती. पण लावलेल्या झाडांची संख्या हे जंगलाचं माप होत नाही. भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येत हेक्टरभर जमिनीवर दहा टक्के छत्र असलं की ते वनाच्छादन. मग ती आंब्याची बाग असो, रबराची लागवड असो की अंजनी-जांभळाचं जुनं रान. उपग्रहाला तिन्ही हिरवी दिसतात. झऱ्याला मात्र त्यांतला फरक कळतो. आणि जिथं मुळात जंगल नव्हतंच तिथं ते उभं करण्याचा अट्टहासही नको. कासच्या सड्यावर कातळावरचं बोटभर मातीचं आवरण आहे आणि त्यावर फुलणारी इवली रोपं. माणदेशची माळरानं गवताची, मेंढरांची, लांडग्यांची आहेत. तिथं गवत राखलं तर तेही पाणी मुरवतं.

घाटमाथ्यावर तर पुष्कळ ठिकाणी नवं झाड लावायचीही गरज नसते. तोडलेल्या हिरड्या-जांभळांचे बुंधे जमिनीत जिवंत असतात. कारवी उतार धरून बसलेली असते. देवराई जवळ असेल तर पाखरं तिथून बी आणून टाकतात. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी पन्नासेक वर्षांपूर्वी आपल्याकडच्या देवराया धुंडाळून त्यांचं मोल जगापुढं मांडलं. त्यांतल्या कितीतरी झऱ्याच्या उगमाशी राखलेल्या आहेत. हे रान परत उठायला तीन गोष्टींपासून संरक्षण मागतं, कुऱ्हाड, बेसुमार चराई आणि वणवा. पहिल्या दोन गोष्टी गावाच्या पोटापाण्याशी बांधलेल्या आहेत, त्यांना सरपण आणि चाऱ्याची दुसरी सोय दिल्याशिवाय नुसती बंदी टिकत नाही. वणव्याचं तसं नाही. पुढच्या वर्षी गवत चांगलं येईल या समजुतीनं किंवा निव्वळ निष्काळजीपणानं माघ-फाल्गुनात डोंगर पेटतात आणि पालापाचोळ्याचा थर एका रात्रीत जातो. आबांच्या गावातल्या तरुणांनी आता दिवाळीनंतर गवत वाळलं की झऱ्याच्या वरच्या अंगाला जाळरेषा, म्हणजे वणवा अडवायला गवत काढून मोकळा केलेला पट्टा, काढायला सुरुवात केली आहे. खर्च म्हणजे थोडे दिवस श्रमदान आणि विळे-कोयते. वृक्षलागवडीच्या निधीतला काही भाग या कामाच्या मजुरीकडे वळवावा, असा अर्ज त्यांनी तालुक्याला दिला आहे. त्याचा मसुदा मी लिहून दिला आणि त्यात ग्लेनमॉर्गनचा आकडाही घातला.